मी गांजा पिकवत होते

थायलंडहून परत आले त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला अडवून विचारलं, तिकडं लिंबाला भाव कसा असतो गं? मला काही कळेना. घरात जाऊन आईला विचारलं, तर ती भांडी घासता घासता म्हणाली, तिनंच सगळ्यांना सांगितलंय, पोरगी लिंबाच्या कंपनीत हाय म्हणून. दुसरं काय सांगणार होती ती?

मी तिथे गांजा पिकवत होते. परवाना असलेल्या कंपनीत, औषधासाठी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. घराबाहेर कुणालाच नाही.

आमचं गाव चाकणच्या जवळ. आमच्या बऱ्याचशा जमिनीवर आता गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि भावाचे टेम्पो ते भाग इकडून तिकडे पोचवतात. जमीन गेल्यावर शेतीचं शिक्षण घेऊन ही करणार काय, असं घरात सगळ्यांना वाटायचं. मी एका गुलाबाच्या पॉलीहाऊसवर सुपरवायझर झाले. तिथे काही वर्षांत बुरशी इतकी जवळून पाहिली की पाकळीवरचा बारीक डागही लांबून दिसायला लागला. थायलंडमधल्या त्या कंपनीला नेमकं असंच माणूस हवं होतं.

तिथल्या पॉलीहाऊसमध्ये हवा इतकी दमट, की आत पाऊल टाकताच चष्मा पांढरा व्हायचा. आम्ही लावली होती ती संकरित जात. झाडं माझ्या खांद्याएवढी व्हायची. फुलोऱ्याला हात लागला की नखाने संत्र्याची साल सोलल्यासारखा वास यायचा आणि त्याच्यामागून मिरीसारखं काहीतरी झोंबायचं. तो वास केसांत राहायचा, उशीला लागायचा. पण तो फुलोरा फार घट्ट. त्यात हवा खेळत नाही, ओल धरून राहते आणि आतून करडी बुरशी लागते. बाहेरून झाड दिसायला छान.

पहिल्याच हंगामात मला एका ओळीत अशी बुरशी सापडली. मॅनेजर म्हणाला, खराब भाग कापून टाकू, बाकीचं वाळवू. मी म्हटलं, हे आजारी माणसाच्या पोटात जाणार आहे, अख्खी ओळ काढायची. तो वाद घालत राहिला. मी कात्री आणली आणि पहिल्या झाडापासून कापायला सुरुवात केली. शेवटी त्यानेच पिशव्या आणून दिल्या. त्या दिवशी मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

पुढे तिथले नियम बदलले, कंपनीने माणसं कमी केली आणि मी घरी आले. महिनाभरात आईने स्थळ आणलं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, वाकडला फ्लॅट. भाऊ आदल्या दिवशी म्हणाला, ताई, उद्या एक दिवस गप्प बस. मी म्हटलं, मी आपणहून विषय काढणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मुलाच्या मावशीने विचारलंच. लिंबाची कुठली जात होती?

"कागदी," आई म्हणाली.

"लिंबं नव्हती, मावशी," मी म्हणाले. "गांजा होता."

मावशीने चमचा बशीत ठेवला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, नशेचा? मी सांगितलं, औषधाचा, पण झाड तेच. मग हे लपवून का ठेवलं, असं ते म्हणाले, तेव्हा आई खाली बघायला लागली. मी लपवलेलं नाही, एवढंच मी बोलले.

मुलगा वाईट नव्हता. जरा वेळाने तो मला म्हणाला, "आपण नुसतं हॉर्टिकल्चर म्हटलं तर? तेही खरंच आहे ना."

"दोन वर्षं त्या दमट हवेत घाम गाळलाय," मी म्हणाले. "त्या कामाचं नाव मी बदलणार नाही."

मंडळी चहा न घेताच उठली. मध्यस्थाकडून नकार आला तेव्हा मला हलकं वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आई मात्र माझ्याशी बोलेना. बरेच दिवस फक्त जेवायला हाक मारायची. मग एका संध्याकाळी मटार सोलता सोलता तिने विचारलं, तू फोनवर सांगायचीस तसा त्या झाडाला खरंच संत्र्यासारखा वास यायचा का? मी हो म्हटलं.

"मग मी लिंबं उगंच सांगितली," ती म्हणाली. "संत्री सांगाय पायजे होती."

मी हसायला लागले. आधी ती रागावली, मग तीही हसली. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मी घरी बसणार नव्हते. गावातल्या एका गोडाऊनच्या मागे जर्बेराच्या फुलांचं एक पॉलीहाऊस बंद पडलेलं होतं, ते भाड्याने घेतलं. छताचा प्लास्टिकचा कागद बदलला, काकडी आणि ढोबळी मिरची लावली. स्थळ का मोडलं ते एव्हाना गावभर झालं होतं. रोपं गुडघ्याला लागायच्या आत गावात बोलणं सुरू झालं, की आत काकडी दाखवायला आहे, खरं पीक दुसरंच. भावाच्या टेम्पोवरची पोरं त्याला चिडवायची. तो घरी येऊन माझ्यावर चिडायचा.

मग एक दिवस पोलीस पाटील आले. वडिलांच्या बरोबरीचे, मला लहानपणापासून ओळखणारे. अवघडून म्हणाले, लोक बोलत्यात म्हणून एकदा नजर टाकतो, राग मानू नको. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही एकटे नका येऊ, जे बोलतात त्यांनाही घेऊन या.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा जण आले. मी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या आणि एकेका ओळीतून फिरवलं. उकाड्याने शर्ट पाठीला चिकटले तरी कुणाला मधेच बाहेर पडू दिलं नाही. शेवटी त्यांच्यातल्या एकाने विचारलं, तिकडचं बी आणलंस का?

"नाही," मी म्हणाले. "इथे परवाना नाही म्हणून लावत नाही. सरकारने उद्या दिला, तर गावात पहिली मी लावीन. आणि तुम्हाला बोलावून दाखवीन."

पोलीस पाटील मिरचीचं पान उलटं करून बघत बसले. बाकीचे चपला शोधायला लागले.

त्यानंतर ते बोलणं मिटलं असं नाही, पण उघडपणे व्हायला लागलं. गावात आता मला गांजावाली म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर. चाकणच्या बाजारात माझ्या मालाचा टेम्पो लागला की आडतीवरचा माणूस ओरडतो, गांजावालीची काकडी आली. भाऊ बरोबर असला तर मान फिरवतो. मी खाली उतरते आणि क्रेट उतरवून घ्यायला सांगते.