माणिकबाईनं नाव घेतलं

माणिकबाई माळीण म्हणजे हिवरखेडात कोणाच्या बापाला न भिणारी बाई. तिच्या वांग्यांत ढोर शिरलं तर ढोराला एक आणि मालकाला चार शिव्या हासडायची. तोंड असं, पण नवऱ्याचं नाव त्या तोंडातून कधी निघालं नाही. आमच्याकडं तेव्हा कोणतीच बाई घेत नसे; घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणत. पुढची हकिगत तिनंच मला म्हातारपणी सांगितली, तीही दातओठ खात.

दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिचा नवरा शालिकराम भाड्यानं गाडी हाकायला अकोल्याला गेला, तो दोन वर्षं परतलाच नाही. निरोप नाही, सांगावा नाही. शेवटी दीर नत्थुजीनं पंचांपुढं विषय काढला. भाऊ पटकीनं गेला असेल, तेव्हा वहिनीनं येत्या अवसेला बांगड्या फोडाव्या आणि मळा आपल्याकडं द्यावा. माणिकबाई म्हणाली, जिवंत की मेले ते मी पाहून येते, मग बांगड्यांचं बोला. आणि शेजारच्या गोवर्धनच्या कापसाच्या गाडीवर बसून ती अकोल्याला निघाली.

बाजारात पोचल्यावर गोवर्धन म्हणाला, माझ्या कापसाचं वजन होऊ दे, मग मी विचारपूस करतो. पण गाड्यांची रांग थेट नदीपर्यंत गेलेली. माणिकबाईला काही दम निघेना. ती एकटीच उठून चालू लागली. नाव घेऊ शकणारं एकमेव माणूस आपण मागं सोडून आलो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मोर्णा नदीपलीकडं नवी वस्ती वाढत होती. इतके अनोळखी चेहरे तिनं जन्मात पाहिले नव्हते. कापसाचे तंतू नाकातोंडात जात होते, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या, आणि किडकी वांगी गावच्या चौपट भावानं खपत होती. त्या वांगीवाल्याशी तिथंच भांडावं असं तिला फार वाटलं. एका गल्लीत गुजराती बोलणं, पुढच्या गल्लीत मारवाडी, त्यापुढचं कोणतं ते देव जाणे.

तिनं एका फुलवालीला विचारलं, "आमच्या घरचे पाह्यले का वं?"

फुलवाली हसतच सुटली. कोणाच्या घरचे? हिवरखेडात एवढं म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं, कारण घर साऱ्यांना ठाऊक. इथं तिच्या घराला कोणी ओळखत नव्हतं. मग ती खुणा सांगू लागली: उंच आहेत, भुवईवर बाभळीच्या काट्याचा वण आहे, गाडी हाकतात. इथं सगळेच गाडी हाकतात, असं उत्तर आलं. पाच गल्ल्या झाल्या, सहा झाल्या. लोक तिला वेडी समजू लागले. एका भल्या माणसानं तर भीक म्हणून पसाभर ज्वारी पुढं केली. मळ्याची मालकीण ती, संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वस्तीच्या टोकाला गाडीवानांची कुडाची खोपटं होती. एका दारात एक तरणी बाई अंगण सारवत होती. माणिकबाईनं मनाशी म्हटलं, आयुष्य घटायचं तर घटो, पण माणूस आहे की नाही ते तरी कळेल. तिनं डोळे मिटले.

"शालिकराम माळी. हिवरखेडचे. कोठं रायतात?"

स्वतःच्याच आवाजानं ती दचकली. पण खरा धक्का पुढंच होता. त्या बाईनं शेणाचे हात तसेच ठेवून कोपरानं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. नवऱ्याचं नाव कोणी काढलं की बायको करते, अगदी तसंच. माणिकबाई स्वतः पंधरा वर्षं तेच करत आली होती, तिला ते कोणी समजावून सांगायला नको होतं. नवरा जिवंत होता तर.

"थे गाडी घेऊन गेले, सांजच्यानं येतीन," ती बाई म्हणाली. मग तिनं निरखून पाहिलं. "तुमी माणिकबाई ना? त्याईच्या मोठ्या बहीण?"

माणिकबाईनं तिच्या शेणानं माखलेल्या हातांतल्या बांगड्या पाहिल्या.

"नाव घेऊन बोलल्या, तवाच वळखलं म्या. लय आठवण काढतात तुमची. मायबापाच्या मागं माणिकबाईनंच मले सांभाळलं म्हंतात." असं म्हणत तिनं हात धुतले आणि वाकून पाया पडली.

पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं माणिकबाईला 'अवं' याखेरीज कधी हाक मारली नव्हती. त्याला आपलं नाव घेता येतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.