माझं रक्त, तेरा धरून

नव्वदीच्या मध्याला मी नगरच्या एका लॅबोरेटरीत नोकरी करत होते. लॅबोरेटरी कसली, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेशंटांचं बाकडं, आतल्या खोलीत मी. डॉक्टर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन रिपोर्टांवर सह्या करून जायचे. मधला सगळा दिवस माझा एकटीचा. दिवसाकाठी तीस-चाळीस माणसांच्या दंडाला आणि बोटाला हात लावायचे, पण धड बोलणं एकाशीही व्हायचं नाही. "मूठ आवळा", "आता सोडा", "कापूस दाबून धरा", एवढंच. संध्याकाळी केडगावच्या भाड्याच्या खोलीवर गेले, कडी लावली, की तेही बंद.

घर संगमनेरला होतं. वडील गेलेले, आई भावाकडे. सुरुवातीला मी दर शनिवारी घरी जायचे, मग महिन्यातून एकदा, मग सणावारी. कुणी काही बोललं होतं असं नाही. वहिनी स्वभावाने चांगली होती, भांडायलाही जागा नव्हती. फक्त माझी गादी आता माळ्यावर गेली होती, आणि मी गेले की भावाला दर वेळी स्टूल आणून ती खाली काढावी लागायची. तिसऱ्यांदा त्याला स्टूल आणताना बघितलं आणि माझं जाणं कमी झालं.

एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा काय असतो, ते एकटं राहिलेल्यालाच कळेल. वाटीभर डाळीसाठी कुकर लावायचा आणि मग तो घासायचा. मी चहा-टोस्टवर आले. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी गाडीवरचा वडापाव आणि चहा, रात्री जमलं तर मऊ भात, नाहीतर पुन्हा चहा. त्याच सुमाराला मला पाटीवरच्या पेन्सिली खायची चटक लागली. शाळेतल्या पोरींना असते तशी. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून मी डबीच्या डबी न्यायचे. "भाचीला," म्हणून सांगायचे. माती, खडू, पेन्सिली खाव्याशा वाटणं हे अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते पेशंटांबद्दल होतं. माझ्याबद्दल आहे असं पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं.

आता कामाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. हिमोग्लोबिन मोजायला आमच्याकडे कलरिमीटर होता. डॉक्टरांनी तो हौसेने घेतला होता. थेंबभर रक्त एका द्रावणात मिसळायचं, नळी यंत्रात ठेवायची, की रंग किती गडद आहे ते काटा दाखवायचा. पण काटा रंग सांगतो, रक्त नाही. वाण्याच्या तराजूला जसं दुसऱ्या पारड्यात वजन लागतं, तसं इथे आकडा आधीच ठाऊक असलेलं एक द्रावण लागतं. त्याच्याशी तुलना करून बाकीच्यांचं काढायचं. ते ठाऊक द्रावण छोट्या बाटलीतून पुण्याहून यायचं. एका सकाळी ती बाटली संपली.

"तुझं किती आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी आदल्याच आठवड्यात गंमत म्हणून स्वतःचं तपासलं होतं. "तेरा," मी म्हणाले.

"मग झालं तर. बाटली येईपर्यंत रोज सकाळी तुझा थेंब लाव आणि तेरा धर. त्यावरून बाकीच्यांचं काढ."

मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी मनातून सुखावले. या एवढ्या मोठ्या गावात माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, आणि आता निदान माझ्या रक्तावरून लोकांचं रक्त मोजलं जाणार होतं. रोज सकाळी दिवा लावल्यासारखं मी बोट टोचायचे आणि रजिस्टरच्या पहिल्या ओळीत लिहायचे: स्वतः, तेरा.

बाटली पुढच्या आठवड्यात आली नाही, पुढच्या महिन्यातही आली नाही. मग ती मागवायची आठवण मलाही राहिली नाही आणि डॉक्टरांनाही. काम अडत नव्हतं ना. असे दहा महिने गेले.

चाहूल लागली नाही असं म्हणता येणार नाही. माझ्या थेंबाला काटा पूर्वी जिथवर जायचा, तिथवर तो जाईनासा झाला. मी बल्बला दोष दिला. नवा बल्ब बसवला. काचेची फिल्टर स्पिरिटने पुसली. द्रावण ताजं केलं. यंत्रात बघण्यासारखं होतं ते सगळं मी बघितलं. तरी काटा खालीच. मग मी त्या खालच्या खुणेलाच तेरा म्हणू लागले. त्या हिवाळ्यात नगरचे पुरुष भलतेच धट्टेकट्टे निघायला लागले होते. एका एस.टी. ड्रायव्हरचं हिमोग्लोबिन अठरा आलं. "घरी म्हशी असतील," डॉक्टर म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. माप हलकं झालं की माल जड भरतो, हे वाण्याच्या पोराला कळतं. आम्हा दोघांना कळलं नाही. पुरुष तसे आमच्याकडे शुगर तपासायलाच यायचे. हिमोग्लोबिनसाठी यायच्या त्या बहुतेक गरोदर बाया.

त्यांतलीच एक शिंगणापूरची. विशीतली, नववा महिना, सासूबरोबर आलेली. तीन आठवड्यांपूर्वी मी तिचं साडेनऊ काढलं होतं आणि तिच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवली होती. आता पुन्हा आली ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसकण मारूनच. वर यायला तिला चांगली पाच मिनिटं लागली. मी रक्त घेतलं, नळी लावली. नऊ आलं.

"नऊ आहे," मी सासूला सांगितलं. "थोडं कमी आहे, पण चालतंय." आमच्याकडे तेव्हा गरोदर बाईला नऊ म्हणजे चालतंय असंच होतं.

सासू उभट चेहऱ्याची, कपाळावर मोठं गोंदण असलेली. ती जागची हलली नाही. तिने सुनेला खिडकीपाशी ओढलं आणि अंगठ्याने तिची खालची पापणी खाली केली.

"ह्ये बगा. पांढरं फटक. आन तुमी चालतंय म्हन्ता? पोरीला हांडा उचलंना, जिना चढवंना. लई भ्या वाटतंय मला."

"मशीन सांगतंय, मावशी. मी थोडीच सांगते?" माझ्या आवाजात जरा तोरा होता, तो मला अजून ऐकू येतो.

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग दोन पावलं पुढे आली आणि काही न विचारता माझी हनुवटी धरून अंगठा माझ्या डोळ्याखाली टेकवला.

"तुमी बी तसल्याच," ती म्हणाली. "तुमचं मशीन काय सांगंल?"

चिठ्ठी घेऊन त्या दोघी निघाल्या. साडेबाराची बस होती. मी बेसिनवरच्या आरशासमोर गेले आणि पापणी खाली ओढली. आत लाली म्हणून नव्हती. आणि तिथे उभ्या उभ्याच मला कळलं. बल्ब बरोबर होता, फिल्टर बरोबर होती. बदललं होतं ते तेरा.

कपाटात डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळची जुनी रेघांची नळी होती. तिला यंत्र लागत नाही, कुणाचं उसनं रक्तही लागत नाही. रक्तात आम्ल घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. सुनेच्या सकाळच्या नळीत रक्त शिल्लक होतं. ती दहा मिनिटं मी घड्याळासमोर कशी काढली, माझं मला माहीत. एकेक थेंब घालत गेले आणि रंग जुळला तो सव्वासातावर.

नवव्या महिन्यात सव्वासात. अशा बाईचं घरी बाळंतपण झालं आणि चार घोट रक्त जास्त गेलं, तर ती उठत नाही. मी तिला नऊ सांगून बस पकडायला पाठवलं होतं.

बाहेरच्या बाकड्यावरच्या माणसांना "आलेच" म्हणाले आणि पळत सुटले. गल्ली संपेपर्यंत माझा श्वास फुलला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका पानाच्या टपरीला धरून उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. मग पुन्हा पळाले. बस फलाटाला लागलेली होती. सुनेच्या नवऱ्याने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती आणि सासू सुनेला पायरीवर चढवत होती.

"मावशी, उतरा," मी ओरडले. "माझी चूक झाली. नऊ नाही, सात आहे. सव्वासात. तिला आजच्या आज दवाखान्यात न्यायला पाहिजे."

चारचौघांत मी तशी मोठ्याने कधी बोलले नव्हते. सगळी बस खिडकीतून बघायला लागली. म्हातारी माझ्या झिंज्या धरेल असं मला वाटलं. ती फक्त म्हणाली, "म्या काय सांगत हुते?" आणि आत बसलेल्या मुलाला हाक मारली, "रुमाल घे रं, उतर खाली."

सरकारी दवाखान्यात सुनेला लगेच दाखल करून घेतलं. रक्त द्यावं लागणार होतं. बदल्यात रक्त द्यायला मुलगा पुढे झाला, त्याच्या मागे मीही उभी राहिले. माझ्या चुकीची मला तेवढीच भरपाई सुचली. रक्तपेढीतल्या माणसाने आधी त्याचं बोट टोचलं आणि थेंब एका बरणीतल्या निळ्या पाण्यात सोडला. मोरचुदाचं पाणी ते. रक्त चांगलं असलं की थेंब बुडतो. मुलाचा थेंब सरळ तळाला गेला. मग माझा सोडला. तो वरच राहिला. जरासा हलला, पसरला, पण खाली जायला तयार होईना. लोकांची बोटं टोचण्यात माझी वर्षं गेलेली, आणि मी खुळ्यासारखी त्या थेंबाकडे बघत राहिले, की आता जाईल, आता जाईल.

"ताई, तुमचंच कमी आहे," तो माणूस मान वर न करता म्हणाला. "पुढचे या."

म्हातारी मागेच उभी होती. तिने मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि माझ्या बोटावरचा कापूस दाबून धरला.

"काय खाता वो तुमी?"

मी सांगितलं. पेन्सिली सोडून बाकीचं.

"आन खोलीवर कोन हाय?"

"कोणी नाही."

"आमच्याकडं घराला दारंच न्हाईत," ती म्हणाली. "कोन जेवलं, कोन उपाशी निजलं, समद्यास्नी दिसतं. तुमी कडी लावून बसता व्हय? मंग तुमाला बगतं कोन?"

मी भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा तक्ता वाचत बसले.

संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढून पहिली ओळ वाचली. मग म्हणाले, "रोज दोनदा तुझ्यासमोर बसतो मी. आणि बघतो ते तुझं अक्षर." त्याच वेळी खाली एस.टी.डी. बूथवर जाऊन त्यांनी पुण्याला फोन केला. बाटली दोन दिवसांत आली. इतकं सोपं होतं ते. नव्या बाटलीवर माझं दहा पूर्णांक चार निघालं. पुण्याला सीरम पाठवून लोह तपासलं, तेही तळाला गेलेलं. मग मी रजिस्टर घेऊन बसले आणि दिवाळीपासून आलेल्या प्रत्येक बाईला पोस्टकार्ड लिहिलं, की पुन्हा तपासायला या, पैसे लागणार नाहीत. प्रत्येक पानावर आधी माझीच ओळ लागायची: स्वतः, तेरा. माझ्याच ठसठशीत अक्षरात, खाली रेघ मारून. काही बाया आल्या. काही आल्या नाहीत, त्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. त्यातल्या दोघींचे पत्ते मला अजून पाठ आहेत.

शिंगणापूरकडून आठवडाभर काहीच कळलं नाही. दवाखान्यात चौकशीला गेले तर तिला घरी सोडलं होतं, एवढंच समजलं. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की माझा हात थांबायचा.

नवव्या दिवशी दुपारी म्हातारी आली. एकटीच. बाकड्यावर पेशंट बसलेले. मी हातातली सुई तशीच ठेवून उठले.

"मावशी, सून कशी आहे?"

"थांबा," ती म्हणाली. पिशवी खाली ठेवली, मला खिडकीपाशी ओढलं, हनुवटी धरली आणि अंगठ्याने पापणी खाली केली. एका डोळ्याची बघितली, मग दुसऱ्या.

"न्हाई भरलं आजून," ती म्हणाली. मग हात न काढताच म्हणाली, "पोरगी झाली. दोगी बी बऱ्या हायेत."

माझे डोळे भरून आले आणि बघता बघता वाहायलाच लागले, बाकड्यावरच्या सगळ्या पेशंटांसमोर. म्हातारीने दचकून हात मागे घेतला आणि आपला अंगठा बघितला.

"अगं बया, नख लागलं का?"

"हो," मी म्हणाले. "लागलं."