मावशीचा वांगी पडदा

मावशीनं जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या उपड्या ठेवल्या, हातात खडू घेतला आणि जाहीर केलं, "आधी मोठा तुकडा बेतायचा. खिसे आणि पट्ट्या उरलेल्यात."

लोक सहल ठरवायला मोबाईल उघडतात. आमची मावशी खडू घेते. जन्मभर तिनं नाट्यगृहांचे पडदे शिवले, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तिला कापडासारखीच दिसते. लग्न असो, आजारपण असो की परदेशातली सुट्टी, आधी मोठा तुकडा. तर तिनं कागद जवळजवळ व्यापेल असा चौकोन काढला आणि म्हणाली, हे जहाज. मग कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट काढली. ते शहर. माझं डोकं तिथंच फिरलं.

"मावशे, जहाजानंच सगळे पैसे गिळले तर शहरात काय हवा खायची? विमानानं जाऊ. सकाळी बसलो की त्याच दिवशी पोचलो."

"पडदा विमानानं गेला होता का?"

"नाही."

"मग मीही नाही."

मी कपाळावर हात मारला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे गं. समुद्रावर भांडायला कुणीतरी लागतं म्हणून तुला नेतेय. मला आपलं बादलीतलं पाणी पुरे."

पडद्याचं सांगितल्याशिवाय तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. माझी आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच कारखान्यात कामाला. नाट्यगृहाचा पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. तो जमिनीवर पसरला की भिंतीला चिकटून चालावं लागायचं. बाकीची शिवण मशीनवर व्हायची, पण मखमलीचा तळ हातानंच, कारण मशीनचा टाका समोरून दिसतो. तळाच्या पट्टीत साखळी घालायची, म्हणजे पडदा ताठ लोंबतो, आणि मग दोघींनी दोन टोकांनी शिवत यायचं. मधोमध खडूची खूण. तिथं दोघींचे दोरे भेटले की एकच गाठ मारायची.

कारखान्याचा रिवाज असा, की जी आधी पोचेल तिनं थांबायचं. दुसरीच्या वाट्याला सुई लावायची नाही, कारण जिचं काम तिची मजुरी. लबाडीला वावच नव्हता. आई डावखुरी, तिचे टाके एकीकडे झुकायचे. मावशीचे दुसरीकडे. मुकादमबाई नुसतं बोट फिरवून सांगायची कुणाचं काम कुठवर आलंय. आई नेहमी आधी पोचायची आणि खुणेपाशी मांडी ठोकून बसायची. म्हणायची, "ये गं गोगलगाये, सावकाश ये."

वांगी रंगाचा तो पडदा दोघींनी मिळून शिवलेला शेवटचा. परदेशातल्या एका नाट्यगृहाचा होता आणि बोटीनं जायचा होता. मावशीचं थोडं काम राहिलं आणि ती तापानं फणफणली. शुद्धीवर आली तोवर बोट सुटली होती. मजुरी मात्र पूर्ण आली. आईनं एवढंच सांगितलं, "मुकादमबाईला दया आली. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं, पण पैसे तुझ्याच नावावर लावले." तेव्हापासून मुकादमबाई म्हणजे मावशीचा देव. दर वर्षी न चुकता तिला उशीच्या खोळी शिवून द्यायची, कडेला वेलबुट्टी काढून.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आणि कमाल बघा, जन्मभर सुई चालवलेल्या बाईच्या हातची एक साधी पिशवीसुद्धा आमच्या घरात नाही. सगळं लोकांच्या नाट्यगृहांत गेलं, विटलं आणि फेकलं गेलं. उरला होता हा एकच. मीच एकदा मोबाईलवर त्या नाट्यगृहाचा फोटो शोधून मावशीला दाखवला. तिनं तो नाकाला लावून पाहिला आणि म्हणाली, "तोच." खाली लिहिलं होतं की या हंगामानंतर नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद राहणार, आतलं सगळं नवं होणार. ते मोठ्यानं वाचलं आणि माझी मीच पस्तावले, कारण मावशी तडक कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढली होती.

"एकदा त्या पट्टीवरून हात फिरवायचाय," ती म्हणाली. "तुझ्या आईचे टाके आहेत तिथं. आणि मधली गाठ कुणी मारली तेही बघायचंय मला."

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मलाही झोप लागेना. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून मी गिऱ्हाईकाला खोकल्याच्या जागी पोटाचं औषध देता देता वाचले. संध्याकाळी मावशीकडे गेलं की खाकी कागद तयार. जहाजाच्या चौकोनातून उरलेल्या कापडात शहर बसवायचं होतं. जहाजातली खोली बिनखिडकीची घेतली, ती सर्वांत स्वस्त. मी म्हटलं, ही अंधारकोठडी आहे. ती म्हणाली, "झोपताना डोळे मिटतेस ना?" शहरात खोली नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, न्हाणीघर शेजाऱ्यांबरोबर. का, तर बसभाडं वाचलं. दुपारचं जेवण रात्रीच्यापेक्षा स्वस्त, म्हणून दुपारी पोटभर आणि रात्री बिस्किटं. संग्रहालय ज्या दिवशी फुकट त्याच दिवशी. चैन एकच, बंदरातून फिरवणाऱ्या छोट्या बोटीची, आणि ती माझ्या हट्टापायी. तिचे पैसे आगाऊ भरले, परत न मिळण्याच्या बोलीवर.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," काकांनी टोमणा मारला.

"अंथरूण मीच शिवलंय," मावशी म्हणाली. "किती लांब आहे ते मला माहिताय."

खरं भांडण झालं नाटकाच्या तिकिटावरून. मावशीनं पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या दोन खुर्च्या निवडल्या. स्वस्त होत्या, कारण तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही असं त्यांनीच लिहिलं होतं. मी चिडले. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि भिंत बघायची?

"मला नाटकाशी काय करायचंय? पडदा हाताशी येतो की नाही ते बघ."

हाताशी येत होता. मग मीच तिकिटं काढली. नाटक कुठलं, कशाबद्दल, दोघींनीही विचारलं नाही. पडदे शिवणारीनं नाटक कधी पाहिलं नव्हतं आणि शिवणारीच्या भाचीलाही कधी सुचलं नव्हतं. आमच्या घरात नाट्यगृह म्हणजे पडदाच.

जहाज पाहिल्यावर मावशीची बोलतीच बंद झाली, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकावर एक रचली तरी ते उंच भरलं असतं. पण सावरली लगेच. रोज घड्याळ एक तास मागे करायचं असतं हे कळलं तेव्हा तर हरखलीच. "म्हणजे रोज एक तास फुकट? तिकिटातच?" मग तो फुकटचा तास ती डेकवर वारा खात वसूल करायची. दोन्ही हातांनी कठडा धरून, पदर कमरेला खोचून, समुद्राकडे बघत राहायची. म्हणायची, "याच पाण्यावरून गेला असेल गं." मीही तिच्या शेजारी उभी राहायचे. मला उगाचच हसू फुटायचं.

भोजनगृहाच्या पडद्याचा तळ एके ठिकाणी उसवला होता. पहिल्या दिवशी तिनं नुसता बघितला, दुसऱ्या दिवशी जेवताना तिकडे पाठ केली, तिसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊन सरळ खाली बसली. वाढपी पळत आला. मला वाटलं, आता समुद्रात फेकतात आम्हाला. तो वाकून बघत राहिला, आणि त्या दिवसापासून आमच्या टेबलावर गोड दुप्पट यायला लागलं. "बघ," मावशी म्हणाली, "आणि तू सुई नेऊ नको म्हणत होतीस."

शहर पहाटे दिसलं. आधी दिवे, मग उंच इमारती, मग इमारतींमधून येणारी गाड्यांची घरघर. मावशीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. पाच मजले चढून खोलीत बॅगा टाकल्या, तोंडावर पाणी मारलं आणि नाटकाच्या वेळेच्या कितीतरी आधी आम्ही दारात हजर. मावशी ठेवणीतली साडी नेसली होती. आत शिरताना तिनं चपला काढल्या, मी रागावून पुन्हा घालायला लावल्या.

आणि आत पडदा नव्हता.

रंगमंच उघडा. चार खुर्च्या, एक शिडी, एक दिवा. बस्स. मला वाटलं, अजून वेळ आहे, सोडतील. दिवे मंदावले, माणसं आली, बोलायला लागली. मध्यंतर झालं, लोक चहा प्यायला गेले, तरी रंगमंच तसाच उघडा. शेवटी नटांनी वाकून नमस्कार केला, टाळ्या झाल्या, सगळे उठले. पडदा नाहीच. नाटक चांगलं होतं की वाईट, देव जाणे. मी पूर्ण वेळ वर बघत होते आणि मनात स्वतःला शिव्या घालत होते. फोन करून एक प्रश्न विचारायला काय झालं होतं मला? मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचा चेहरा बघवेना.

दारावरच्या पहारेकऱ्याला मी मोडक्यातोडक्या भाषेत गाठलं. आवाज चढला असणार, कारण तो दोन पावलं मागे सरकला. पडदा वर आहे, तो म्हणाला. या नाटकात खाली येतच नाही. आजकाल बऱ्याच नाटकांत येत नाही.

"काय म्हणतो?" मावशीनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, आम्ही शिवलाय तो. मी आणि माझ्या बहिणीनं." आणि मी भाषांतर करायच्या आधीच तिनं हवेत सुई ओढून दाखवली, डाव्या हातानं एकदा, उजव्या हातानं एकदा.

पहारेकरी आत गेला आणि दोर ओढणाऱ्या माणसाला घेऊन आला. धिप्पाड, हातावर घट्टे पडलेला. त्यानं मावशीच्या बोटांकडे पाहिलं. म्हणाला, उद्या सकाळी झाडायला पडदा खाली सोडतो, तेव्हा या. उद्या सकाळी आमची बंदरातली बोट होती. एकमेव चैन, पैसे भरलेली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोट गेली खड्ड्यात."

सकाळी रिकाम्या नाट्यगृहात वरून घर्र आवाज आला आणि पडदा खाली आला. वांगी रंग, मध्ये जरा विटलेला, पण काय त्याचा डौल. साखळी लाकडाला टेकल्याचा आवाज झाला तशी मावशी म्हणाली, "आला." दोरवाल्यानं आम्हाला मागच्या बाजूला नेलं. मावशी तिच्या टोकाला गुडघ्यांवर बसली. मी आईच्या टोकाला.

मी बोट फिरवत सरकत गेले. एकसारखे, बारीक, एकाच बाजूला झुकलेले टाके. माझ्या आईचे. घरात जे कुठंच नव्हतं ते इथं हातभर, वावभर, संपता संपत नव्हतं. डोळे भरले आणि मला दिसेना, पण बोटांना दिसत होतं. मधोमध पोचले तेव्हा गाठ हाताला लागली. मी तिथंच मांडी घालून बसले.

पलीकडून मावशीचा आवाज येत होता. "हे माझं. हेही माझं." मग ती थांबली. "हे कुणी केलंय? झुकाव माझा, पण टाके बघ गं. एक लांब, एक आखूड. पोरखेळ नुसता. कुणा अडाण्याला बसवलं मुकादमबाईनं?"

तिनं नाक पट्टीला लावलं. अस्तरावर टाक्यांच्या शेजारी बारीक भोकं होती, उसवून टाकलेल्या टाक्यांची. सातआठ असतील. त्यांची ओळ दुसरीकडे झुकलेली होती. माझ्या आईच्या टाक्यांसारखी. मावशीचं बोट त्यांच्यावरून एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"डाव्या हातानं सुरू केलं तिनं," ती हळू म्हणाली. "मग मुकादमबाई ओळखेल म्हणून उसवलं. आणि उजव्यानं शिवलं. सगळं उजव्या हातानं, माझ्यासारखं दिसावं म्हणून. ताप यायच्या आधीच मी संपवलं असं वाटावं म्हणून." तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझी मजुरी कापली जाऊ नये म्हणून."

मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "इतकं वाईट शिवलंय गं. सगळ्या कारखान्यात तिच्यासारखा हात नव्हता, आणि बघ काय शिवलंय. आणि मी मूर्ख, त्या मुकादमबाईला खोळी देत बसले. वेलबुट्टीच्या. आणि ती बाई मुकाट्यानं घेत राहिली."

मी गाठीपाशी बसले होते, ती अजून त्या वेड्यावाकड्या टाक्यांच्या पलीकडे होती. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ये गं गोगलगाये. सावकाश ये."

मावशीनं पदरानं डोळे पुसले, बोट पहिल्या वाकड्या टाक्यावर ठेवलं आणि गुडघ्यांवर सरकत यायला लागली. दोरवाला दोर धरून उभा होता, त्यानं घाई केली नाही. एकही टाका न सोडता ती माझ्यापर्यंत आली.