शेऱ्याचा रकाना

हवामान केंद्रातल्या नोंदनिसांना सगळे मिलिमीटर म्हणत. रोज सकाळी साडेआठला ते कुंपणाचं फाटक उघडत, पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतत, वाकून डोळा रेषेला आणत आणि आकडा वहीत लिहीत. अंगात ताप असला तरी. मुलीच्या लग्नादिवशीही. "घरातलं तेल संपलं तर यांना आठवडाभर पत्ता नसतो," बायको म्हणे, "आकाशातून थेंब पडू दे, लगेच हजर."

बारा वर्षांत एकही नोंद चुकली नव्हती. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि साहेबांनी नेमक्या याच वाक्याचं मानपत्र छापायला टाकलं होतं.

या आकड्यांवरून वरच्या कार्यालयाने काढलं, की या भागातला पाऊस कमी झालाय. लवकर पिकणारं बियाणं पेरावं. मिलिमीटरांच्या थोरल्या भावाने ते पेरलं. आकडा घरचाच, मग शंका कसली? पीक सांगितल्याप्रमाणे लवकर तयार झालं. पाऊस थांबायचं मात्र कोणी त्याला सांगितलं नव्हतं. उभ्या शेतात कणसांना मोड आले.

एका सकाळी भाऊ बादली घेऊन केंद्रात आला.

"रात्रभर अंगणात होती. मोज."

"दादा, बादली हे उपकरण नव्हे. तोंड मोठं, बूड लहान."

"हे माझ्या कणसांना समजावून सांग."

मिलिमीटरांनी बादलीत पाहिलं, नळीत पाहिलं, मग कितीतरी वर्षांनी वर पाहिलं. मापकावर एक फांदी आली होती. पानं अजून ठिबकत होती, पण कुंपणाच्या बाहेर.

कोठीतला जुना मापक काढून त्यांनी मोकळ्या जागेत बसवला. दोन आठवडे दोन्हींची नोंद घेतली. झाडाखालच्यात पाऊस रोज साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी.

झाड त्यांनीच बारा वर्षांपूर्वी लावलं होतं, उन्हात उभं राहून डोळे दिपतात म्हणून. मापकापासून झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडावं, हा नियम त्यांना पाठ होता. लावलं तेव्हा रोप गुडघ्याएवढं होतं. गुडघ्याच्या दुप्पट अंतर त्यांनी टेप लावून सोडलं होतं.

"आता कशाला उकरता?" साहेब म्हणाले. "आठ दिवस राहिलेत तुमचे. झाड आपलं आपण वाढतं, त्यात तुमचा काय दोष?"

"वर जाऊन तेच आकडे पुढच्या वर्षीही बियाणं ठरवणार, साहेब."

"आणि मानपत्राचं काय? छापून आलंय."

"त्यात खोटं काहीच नाही. एकही नोंद चुकवली नाही मी. सगळ्या घेतल्यात, चुकीच्या."

साहेबांनी चहा मागवला. अवघड प्रश्नांना ते चहानेच उत्तर देत.

वहीत महिन्याला एक पान आणि प्रत्येक पानावर शेऱ्याचा एक रकाना असतो. बारा वर्षं तो कोरा होता. झाड नेमकं कधी आडवं आलं हे सांगता येत नव्हतं, म्हणून पहिली तीन वर्षं सोडून मिलिमीटरांनी एकशे आठ पानांवर एकच ओळ लिहिली : "मापकावर झाड. आकडा कमी असावा. झाड मी लावले." शेवटी बोटं इतकी आखडली, की बायकोने डबा भरवायची तयारी दाखवली. एक प्रत वर पाठवली. पोच आली; त्यात पत्र मिळाल्याचं लिहिलं होतं.

निरोपाच्या दिवशी मानपत्र वाचलं गेलं. 'एकही नोंद' या शब्दांवर टाळ्या पडल्या. मिलिमीटर खाली बघत उभे राहिले आणि संपल्यावर बाहेर आले. भाऊ झाडाखाली बसला होता.

"मग आता पेरू काय?"

"मापक मोकळ्यावर बसवलाय. सरासरी निघाली की सांगतील."

"कधी?"

"दहा-बारा वर्षं लागतात, दादा."

भावाने वर पाहिलं. "झाड मात्र झकास वाढवलंस."

सर आली. समोरच्या पत्र्यावर ताशा वाजायला लागला. मिलिमीटर भावाशेजारी टेकले. बराच वेळ दोघांच्या अंगावर थेंब पडला नाही.