डावा कौल

गावच्या देवीनं माझ्या मुलीला बारावीची परीक्षा परत द्यायला नको म्हटलं, असं आमच्या गावात सगळे मानतात. माझी बायको मानते, मुलगी मानते, गुरव तर शपथेवर सांगेल. देवीनं तसं काही म्हटलं नव्हतं. तो कौल मी पाडला. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि खुद्द देवीसमोर तर मी त्यानंतर डोळे मिटूनच उभा राहतो.

मी बोलका माणूस नाही. लाइट ऑफिसात कारकुनी करतो. कराडच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथं मला लोक एकच प्रश्न विचारतात, "आवं, लाइट कवा येणार?" त्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं. त्यामुळे जास्त बोलायची वेळच आली नाही. कमी बोलणाऱ्याला लोक समजूतदार मानतात. त्यांचा तो समज मी कधी मोडला नाही.

मुलगी सायन्सला होती. तिला पुण्यात संख्याशास्त्र शिकायचं होतं. ते नेमकं काय असतं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून ऑफिसात मी ‘स्टॅटिस्टिक्स’ असं सांगायचो. इंग्रजीत सांगितलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही.

परीक्षेच्या ऐन दिवसांत माझ्या पुतणीचं लग्न निघालं. मुहूर्त काढताना आम्ही पंचांग बघितलं, उसाला तोड कधी येते ते बघितलं, मांडववाल्याला आणि आचाऱ्याला विचारलं. बोर्डाचं वेळापत्रक तेवढं कुणी बघितलं नाही. केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी हळद पडली. मुलगी पुस्तक घेऊन माडीवर बसली, तर दर थोड्या वेळानं जिन्यावरून हाक यायची, "आगं, करवली ना तू? खाली ये की! अभ्यास काय पळून चाललाय व्हय?" शेवटी मीच वर गेलो आणि म्हणालो, "जा घटकाभर. बरं दिसत नाही." ती घटका जेवणावळी उरकेपर्यंत चालली.

निकाल लागला तेव्हा बाकीच्या विषयांत पोरीला चांगले मार्क होते, केमिस्ट्रीत पासापुरते. घरानं त्यावर एकमतानं निदान केलं, "केमिस्ट्रीत जरा कच्ची हाय पोरगी."

मी मात्र त्याच दुपारी मलकापूरच्या दुकानात फोन करून फ्लेक्स सांगितला. हल्ली आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, गाडी घेतली तर लागतो, आणि बारावी पास झालेल्याच्या घरानं तो लावला नाही तर काहीतरी लपवतायत असं धरलं जातं. ‘घवघवीत यश’ असं मोठ्या अक्षरांत छापून घेतलं. टक्के छापायचे का, असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा जागा पुरणार नाही म्हणालो. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या भावकीचे फोटो होते, काही गॉगल लावलेले. जिचं यश तिचा फोटो कोपऱ्यात, त्यापेक्षा माझा थोडा मोठा.

फ्लेक्सच्या दोऱ्या ताठ होत्या तोवरच मुलगी माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, मला बारावी परत द्यायची आहे."

"म्हणजे? पास झालीस की."

"पास झाले, पण ह्या मार्कांवर पुण्याला नंबर लागणार नाही. श्रेणीसुधार म्हणून असतं. पास झालेल्यांसाठीच असतं ते. पुढच्या फेब्रुवारीत सगळे विषय परत देते आणि मग अर्ज करते. एक वर्ष जाईल फक्त. केमिस्ट्री मला येते, पप्पा. त्या दिवशी आली नाही."

तिची आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "जाऊ दे की वर्ष. कुठं गाडी चुकतीया?"

मी म्हणालो, "तुझ्या मनाप्रमाणं कर. माझा तुला पूर्ण पाठिंबा आहे."

हे वाक्य मी आधी ऑफिसातल्या महिला दिनाच्या कार्यक्रमात वापरलेलं होतं. तिथं टाळ्या मिळाल्या होत्या. इथं मुलीनं माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेऊन चौकात गेलो आणि फ्लेक्सखाली उभा राहिलो.

मला कशाची भीती वाटत होती ते सांगतो. पुढच्या फेब्रुवारीत माझी मुलगी हॉलतिकीट घेऊन याच फ्लेक्सखालून एसटीला जाणार. गाव विचारणार, घवघवीत यश मिळालं होतं ना, मग परत कशाला? श्रेणीसुधार हा शब्द मी किती जणांना समजावणार? तरी एकदा चहाच्या टपरीवर दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा विषय काढून बघितला. एखाद्या पास पोरानं परत परीक्षा दिली तर?

चहावाला म्हणाला, "पास झाल्यावर कोण देतंय? जेवून उठल्यालं माणूस परत पंगतीला बसतंय व्हय?"

बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "बसतंय की! पयल्या पंगतीत जिलबी मिळाली नसंल तर?"

सगळे हसले. त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला तिथंच कळलं. पण त्या हसण्यात मला माझ्या मुलीचं पुढच्या दहा वर्षांचं टोपणनाव ऐकू आलं.

तरीही मी तिला नको म्हणालो नाही. मी म्हणालो, "घरातल्या मोठ्यांना विचारू." मोठे म्हणजे माझे चुलते, आबा. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, शिस्तीचे, जुन्या वळणाचे. माझा हिशेब असा होता की आबा एका वाक्यात नाही म्हणतील, आणि मी खाली मान घालून ते वाक्य मुलीला पोचवीन.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग देऊ दे की. भरतीला पोरं तीन-तीनदा पळत्यात. दोनदा पडल्यालं पोरगं तिसऱ्यांदा निवडलं गेलं तर त्याला कुणी इचारतंय का, आदी किती येळा पडलास म्हणून? ह्यात लाज कसली रं?"

मुलगी माझ्याकडं बघून हसली. मीही हसलो. आता घरात नको म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं. उरलो होतो फक्त मी, आणि मी तर पाठिंबा जाहीर करून बसलो होतो.

तेव्हा मी देवीला मध्ये आणलं. म्हणालो, "आबा, एवढा वर्षाचा प्रश्न आहे. एकदा कौल लावून बघू."

मुलगी म्हणाली, "पप्पा, कौल म्हणजे अडाणीपणा, असं तुम्हीच म्हणता ना?"

"श्रद्धा असावी माणसाला," मी म्हणालो.

आबा फौजी माणूस. वरून आदेश येतोय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. मुलगी म्हणाली, "चालेल. पण देवी हो म्हणाली की मग कुणी मध्ये बोलायचं नाही." तिला खात्री होती. तिचा माझ्यावर आणि देवीवर सारखाच विश्वास होता.

कौल लावतात तो असा. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. त्या वेळी गाभाऱ्यातला पंखा बंद ठेवायचा असतो. हा पंखा उभ्या दांड्याचा, मान वळवता येते असा. एका भाविकानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, आणि वडिलांचं नाव त्यानं पात्यांवर रंगवून घेतलेलं. पंखा चालू झाला की नाव दिसेनासं होतं, म्हणून देणगीदार देवळात आला की आधी पंखा बंद करायचा आणि सगळ्यांना घाम पुसत नाव वाचायला लावायचा.

मंगळवार धरला. त्या दिवशी लाइनीच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून लाइट गेलेली होती. ती चारच्या सुमारास येणार, हे गावात फक्त मला माहीत होतं. त्या दिवशी नेमकं कुणी मला विचारलं नाही. मीच आबांना म्हणालो, "चारला जमू, ऊन उतरतं तेव्हा." आणि सगळ्यांच्या आधी देवळात गेलो. गुरव विहिरीवर पाणी आणायला गेला होता. पंख्याचं बटण मी खाली केलं. त्याची मान देवीच्या डाव्या खांद्याकडं वळवली. एवढंच केलं. पुढं जे झालं ते आपोआप झालं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मी कारकून आहे. आपण फक्त कागद पुढं सरकवला, ही समजूत आम्हा लोकांना फार उपयोगी पडते.

सगळे आले. लाइट नसल्यामुळे पंख्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि सुरू केलं, "आई, तुझ्या लेकरानं प्रश्न मांडलाय. पोरीनं परत परीक्षेला बसायचं का न्हाई, उजवं दे न्हाईतर डावं दे, पर खरं दे!" सगळ्यांनी डोळे मिटले. मी किलकिले ठेवले. मुलीचे ओठ हलत होते. पाकळ्या काही पडेनात. गुरवानं गाऱ्हाणं पुन्हा घातलं. मला वाटलं, लाइट आज येऊच नये. तेवढ्यात पंखा घरघरला आणि डावी पाकळी उडून खाली पडली.

"डावा!" गुरव ओरडला. मग पंख्याकडं बघून गोंधळला. "आरं, ह्यो कुणी चालू ठिवला?"

आबांनी हात जोडून कपाळाला लावले. "कुणी कशाला ठिवतंय? तिनंच लाइट आणली आन तिनंच कौल दिला. असला कडक कौल मी जल्मात बगितला न्हवता."

माझी बायको हळूच म्हणाली, "आबा, एकदा परत लावून बघूया का?"

आबा तिच्यावर खेकसले, "देवीला परत परत इचारत न्हाईत! एकदा सांगितलं ते सांगितलं."

म्हणजे सैन्यभरतीत तीनदा चालतं, बारावीला दोनदा चालतं, पण देवीची परीक्षा एकदाच. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं जागच्या जागी मिटलं असतं. आबांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या, गुरवानं देऊळ धुतलं असतं. मी खाली वाकून ती पाकळी उचलली आणि डोळ्यांना लावली.

मुलगी रडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "माझी तयारी होती गं. पण आता देवीच नको म्हणते..." हे वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती. कौलापेक्षा मला तेच जास्त टोचतं.

पुढं सगळं व्यवस्थित झालं. फ्लेक्स उन्हानं पांढरा पडेपर्यंत राहिला. मुलीला सांगलीला कॉलेज मिळालं. माझी बहीण तिथं असते, तिच्याकडं राहायची सोय झाली. उशिरा गेल्यामुळे हव्या त्या विषयाच्या जागा भरल्या होत्या, शिल्लक होती ती केमिस्ट्रीची. ज्या विषयात घरानं तिला कच्ची ठरवलं, त्याच विषयाची पदवी आता ती घेते आहे. नातेवाइकांना मी सांगतो, "देवाची लीला."

एक गोष्ट मात्र बदलली. ती सुट्टीला गावी येते, पण देवळात जात नाही. यात्रेला सगळे ओटी भरायला आत गेले की ही बाहेर थांबते. "मी चपला बघते," म्हणते. गेल्या यात्रेत भावकीतली एक बाई मला म्हणाली, "शिकल्या की पोरी देव इसरत्यात बगा." मी मान हलवली. म्हणजे देवीवर खोटा आळ घातला तो मी, आणि देवीवर रुसल्याबद्दल बोलणी खाल्ली मुलीनं. दोन्ही वेळेला मी शेजारीच उभा होतो.

यंदा तिचं शेवटचं वर्ष आहे. मागच्या महिन्यात सांगून टाकायचं ठरवून सांगलीला गेलो. बहिणीच्या घरी ती आणि मी दोघंच होतो. तिनं ताटलीत भडंग काढलं, वरून कांदा चिरला. मी विचारलं, "ती बारावीची परीक्षा... अजून देता येते का गं?"

"नाही पप्पा. त्याला ठरावीक संधी असतात. संपल्या त्या."

"तो कौल..."

"सोडा ना. तेव्हा लय चिडले होते मी देवीवर. अजून आहे थोडी." ती भडंग कालवत म्हणाली, "पण एक बरं वाटतं. तुम्ही नाही म्हणाला नव्हता. मैत्रिणींचे बाप बघते ना मी, सरळ नको म्हणतात. तुम्ही माझ्या बाजूनं होता."

मी भडंग खाल्लं. तिखट होतं, त्यानं सोय झाली, डोळे पुसता आले. मग म्हणालो, "निघतो, एसटी चुकेल." कराडच्या एसट्या दिवसभर असतात, हे तिलाही माहीत आहे. ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली आणि खिडकीतून पाण्याची बाटली देऊन गेली.

मी मुलीला एक वर्ष देणं लागतो, आणि ते आता मला देता येत नाही. दुसरं देणं एका वाक्याचं आहे, ते देता येण्यासारखं आहे: देवी नको म्हणाली नव्हती, मी म्हणालो होतो. इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही. तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.