डाव्या बैलाची चूक

आमच्या सेनगावकडे आता बहुतेक पेरणी ट्रॅक्टरने होते. वडील मात्र बैलांच्या तिफणीनेच पेरतात, कारण ट्रॅक्टरवाल्यांना पेरणीची ओळ, म्हणजे तास, सरळ काढता येत नाही असं त्यांचं मत आहे. हे मत त्यांनी ट्रॅक्टरवाल्यांनाही ऐकवलेलं आहे. म्हणून परवाच्या साली आमचं सोयाबीन उगवलं आणि तास वाकडे दिसले, तेव्हा दोन ट्रॅक्टरवाले मुद्दाम बांधावर येऊन उभे राहिले. वाकडी पेरणी झाकता येत नाही. ती काढणीपर्यंत रस्त्याकडेला उभी असते.

वडिलांनी दोष डाव्या बैलावर टाकला. "डावा ओढून राहिला होता," म्हणाले. पेरताना त्यांनी त्याच्या पाठीवर आसूडही ओढला होता. त्यांच्या हातचा तो पहिलाच फटका. बैल जागीच थांबला आणि मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिला.

पोळा झाला की त्याला बाजार दाखवायचा, असं ठरलं. पोळ्याच्या तोंडावर बैल विकणं आमच्याकडे बरं दिसत नाही. मारलेलं चालतं.

तो बैल आमच्याच गोठ्यात जन्मलेला, माझ्या हातून सरकीची ढेप खाऊन मोठा झालेला. मला वडिलांचा भयंकर राग आला. "नाचता येईना अंगण वाकडं," असं मी तोंडावर म्हणालो. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पोळ्याला आठवडा उरला होता. वडील सकाळी खाटेवर कुशीला वळले आणि दोन्ही हातांनी खाट धरून बसले.

"घर फिरून राहिलं," म्हणाले.

"कवापासून?" आईने विचारलं.

"पेरणीपासून. तिफणीकडं वाकून पाह्यलं की रान फिरतं."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"गळ्यात माळ हाय माझ्या. लोक म्हणतील, पिऊन हाय."

हिंगोलीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तर "मला बराबर ऐकू येतं," म्हणून ते दारातच अडून बसले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कानाच्या खूप आत पाणी भरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात. डोकं वळलं की पाणी हलतं, आणि आपण किती वळलो ते मेंदूला कळतं. शेजारीच चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून नळीत शिरले की डोकं थांबलं तरी आतलं पाणी थांबत नाही. माणूस स्थिर उभा असतो आणि त्याला वाटतं जग फिरतंय.

मग त्यांनी वडिलांना आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली झुकवलं, एका बाजूला वळवलं, थोड्या वेळाने दुसऱ्या, आणि उठवून बसवलं. कण जागेवर गेले. गोळी नाही, सुई नाही.

"कोणत्या कानात होतं?" मी विचारलं.

"डाव्या."

वडील छताचा पंखा बघत बसले. पंखा बंद होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं करायचं. वडिलांनी उजव्या बैलाचं पटकन उरकलं. डाव्याचा खांदा ते बराच वेळ चोळत राहिले.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "कुठं जायाचं न्हाई तुला. ओढून मीच राहिलो होतो."

मी दारात पाण्याची बादली घेऊन उभा होतो. वडिलांनी वाटीतलं उरलेलं लोणी बोटांनी निपटून काढलं आणि बैलाच्या पाठीवर, आसूड बसला होता तिथे, हळूहळू लावलं. खांदेमळणीत पाठीला लोणी लावायची पद्धत नाही.