बोडक्या माळाचा नंबर

राणीसावरगावहून पालमकडं जाताना आमचं गाव रस्त्यापासून थोडं आत आहे. गावाच्या वर माळ. त्या माळाच्या तुकड्यातुकड्याला आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाव दिलेलं होतं. काही नावं त्यांच्याही वडिलांपासून चालत आलेली. वरचा सपाट भाग म्हणजे बोडका, त्याच्या खालचा म्हातारीचा उतार, आणि पाणी जरा जास्त दिवस टिकायचं ते कोल्हेपाणी. आमची साठेक मेंढरं तिथंच चरायची. सकाळी आबा मायला सांगायचे, "आज कोल्हेपाण्याकडं जायलोय," की दुपारची भाकरी कुठं पोचवायची ते तिला कळायचं.

मी मात्र कागदातली. पालमला एका दुकानात कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरते, सातबारे काढून देते. गावात कुणाला कसलाही कागद आला की तो आधी माझ्याकडं येतो. मला त्याचा चांगलाच तोरा होता.

मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात आबा मेंढरं घेऊन आत्याच्या गावाकडं गेले होते. तिच्या गावाजवळ कोळशावर वीज तयार होते. तिथं वाळत घातलेली धुणी झटकल्याशिवाय घरात घेता येत नाहीत. आत्याच्या घरात कुणी विडीला शिवत नाही, तरी ती बारा महिने खोकते. महिन्याभरानं कळप परतला तेव्हा मेंढरांच्या लोकरीत राख बसली होती. कातरताना कातरीची धार जाऊ लागली. लोकर घेणाऱ्यानं पोत्यात हात घातला, बोटं चोळून बघितली आणि पोतं परत केलं. आबा म्हणाले, "आपल्या घरी बलप पेटतो, आन् त्याची राख माझ्या बहिणीच्या घरी पडती."

म्हणून सौर प्रकल्पाचं बोलणं गावात निघालं तेव्हा सगळ्यात जास्त मीच खूश झाले. उन्हाला राख नसते, हे मी आबांना चार वेळा ऐकवलं. शिवाय शेतीला दिवसा वीज मिळणार होती. आमची विहिरीवरची दोन एकर जमीन आहे. विजेची पाळी रात्रीची असली की आबा पाणी देऊन परत येईपर्यंत माय दारात बसून राहायची, कारण शेजारच्या शेतात पाणी देणाऱ्याला अंधारात साप चावला होता.

ग्रामसभेची नोटीस आली. ती घरात मीच वाचून दाखवली. अमुक गट नंबरची गायरान जमीन प्रकल्पाला देण्यास मंजुरी, असं लिहिलं होतं. तो तीन आकडी नंबर मी अगदी स्पष्ट वाचला.

"ही कुठली म्हनायची?" आबांनी विचारलं.

"गायरान हाय आबा. सरकारी. आपली न्हाई," मी म्हणाले.

आबांना वाटलं, ओढ्यापलीकडची काटेरी जागा असेल. नकाशा माझ्या मोबाइलवर दोन मिनिटांत उघडला असता. दिवसभर मी परक्या लोकांना तेच काढून देते. घरच्या माणसासाठी काढला नाही. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सभेत एका म्हाताऱ्यानं जनावरांचं काय असं विचारलं. बघू, सोय करू, असं उत्तर आलं. मग हात वर करायला सांगितलं आणि आबांनी हात वर केला. मी शेजारी बसून त्यांचा फोटो काढला.

दिवाळीनंतर एका दुपारी आबा एकटेच एसटीनं पालमला, माझ्या दुकानात आले. असे ते कधी येत नाहीत. "बाई, बोडक्यावर चुन्याच्या रेघा मारायलेत. त्यो नंबर बोडक्याचा व्हता का?" मी नकाशा काढला. बोडका, म्हातारीचा उतार, कोल्हेपाणी, सगळं त्या एकाच नंबरात होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. "आसं व्हय," एवढंच ते म्हणाले. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून माझं काम आटपेपर्यंत ते बाकावर बसून राहिले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तरीही त्यांना एक आशा होती. सोलरच्या पाट्या उंच असतात, खाली सावली राहणार, गवत येणार, मेंढरं खालून चरतील. मी तसा अर्ज लिहून दिला. साइटवरचा साहेब माणूस भला होता, त्यानं आबांना चहा पाजला. पण मेंढरं खांबाला अंग घासतात, वायरी कुरतडतात, वरून परवानगी नाही, असं म्हणाला. तारेचं कुंपण झालं. पावसाळ्यात पाट्यांखाली पवना आणि मारवेल ही गवतं गुडघ्याएवढी वाढली. मेंढरं कुंपणाला तोंड लावून ओरडायची. मग गवताची सावली पाट्यांवर पडू नये म्हणून तणनाशक फवारलं. आठवड्यात सगळं गवत पिवळं पडलं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "मेंढरांनी फुकटात साफ करून देलं असतं," ते मायला म्हणाले. "चांगलं गवत मारलं गं."

मेंढरं तीन बाजारांत विकली. पाच उरली.

दिवसा वीज आली, हे मी नाकारणार नाही. माय आता वेळेवर झोपते. कुणी शहरातून येऊन आमच्या मेंढरांचे फोटो काढत हळहळू लागलं तर मला राग येतो, कारण अंधारात पाणी द्यायला ते येत नव्हते. आणि उन्हाची वीज फुकट पडते असं कुणी म्हणालं तरी राग येतो. ती आमच्या घराला किती पडली हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा भर दुपारी मोटार चालू होती. विहिरीमागच्या पट्ट्यात आबा फावड्यानं पाणी वळवत होते. काय पेरलंय, मी विचारलं.

"गवत," ते म्हणाले. "पाच तर पाच, त्यायला खायला लागतंच की."

बोडक्यावर तयार झालेली वीज विहिरीतलं पाणी उपसत होती आणि आबा त्या पाण्यावर गवत पिकवत होते. आबांनी फावडं बांधावर टेकवलं, हात धोतराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, आपल्या ह्या तुकड्याचा नंबर काय हाय? आत्ताच सांगून ठेव मला."

मी मोबाइल काढला, नकाशा उघडला आणि नंबर सांगितला. त्यांनी तो तीनदा म्हणून बघितला. मग पुन्हा पाणी वळवायला गेले, तरी त्यांचे ओठ हलतच होते.